ताईच्या टेबलाचा नियम

गल्लीत त्या दोघांना खऱ्या नावानं कुणी ओळखत नसे. शिवणकामाच्या दुकानातली ताई म्हणजे वावटळ आणि तिचा धाकटा भाऊ म्हणजे घड्याळ. लोकांना नावं ठेवायला दुसरं काय लागतं! पण ही नावं अगदीच खोटी नव्हती. ताईचं सगळंच एक ना धड, भाराभर चिंध्या. एका कोटाची बाही जोडताना तिला दुसऱ्याची बटणं आठवायची आणि बटणं शोधता शोधता गिऱ्हाइकाशी गप्पा रंगायच्या. भावाची कात्री मात्र कायम त्याच खिळ्याला, खडू त्याच डबीत. "पाच वाजले. बँकवाल्यांचा कोट," असं तो मान वर न करता म्हणायचा, म्हणून तर दुकान चाललं होतं.

ताई त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली ती त्याच्या तपासणीसाठी. त्याच्या लहानपणाविषयी सांगता सांगता ती स्वतःच सारखी खुर्चीतून उठत होती. बाईंनी मग तिलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. दोन-चार भेटींनंतर त्या म्हणाल्या, "त्याला ऑटिझम आहे. आणि तुम्हाला एडीएचडी."

"मला? अहो, मी तर चांगली चारचौघांत मिसळते!"

"वरून दोघं सारखीच वाटता. हाक मारली तर दोघांनाही ऐकू येत नाही, गोंगाटानं दोघंही वैतागता. पण तो एकाच गोष्टीत बुडालेला असतो, आणि तुमचं लक्ष तोवर चौथ्या गोष्टीवर गेलेलं असतं. ठरलेलं मोडलं की त्याला त्रास होतो, ठरलेलं पाळताना तुम्हाला. कित्येकांत तर दोन्ही एकत्र असतं. त्याला मोघम काही सांगू नका, नियम स्पष्ट करून द्या."

दुकानामागच्या घरी येऊन ताई आईच्या कुशीत ढसाढसा रडली. आळशी, बेफिकीर, डोकं ठिकाणावर नसलेली, हे तिनं जन्मभर ऐकलं होतं. या सगळ्याला निदान दुसरं काही नाव आहे, याचंच तिला केवढं बरं वाटलं.

भावानं एकदा तिचं टेबल आवरताना गिऱ्हाइकांची मापं केरात टाकली होती. म्हणून तिनं पहिला नियम केला. "माझ्या टेबलावरच्या कशालाही हात लावायचा नाही. काही वाटलं तर मला फोन करायचा." भावाला ती काळ्या दगडावरची रेघ झाली.

एका संध्याकाळी ती आपल्या टेबलावर अस्तराला इस्त्री करत होती. भाऊ म्हणाला, "पाच वाजले. बँकवाल्यांचा कोट." तशी ती कोट उचलून पळाली. इस्त्री अस्तरावर पालथीच राहिली आणि तिचा फोन कापडाच्या ढिगाखाली.

भावानं धूर पाहिला. लगेच फोन लावला. फोन ताईच्याच टेबलावर वाजू लागला, म्हणजे त्यालाही हात लावता येईना. त्यानं पुन्हा लावला. धूर वाढला, तसा त्यानं एक कान हातानं दाबून धरला, पण दुसऱ्या कानाला लावलेला फोन काही सोडला नाही. शेजारचा सायकलवाला पाण्याची बादली घेऊन आत घुसला, तेव्हाही तो फोनच लावत होता. आग टेबलापुरतीच होती. धूर मात्र आतल्या खोलीत भरला होता, आणि तिथं दम्यानं अंथरुणाला खिळलेली आई होती. दवाखान्यात नेल्यावर ती शुद्धीवर आलीच नाही.

दुकान आणि घर मामांच्या नावावर. आईचे दिवस झाल्यावर ते भाच्यासमोर बसले.

"तुला इस्त्री दिसत होती ना?"

"हो."

"मग प्लग का नाही काढलास?"

"नियम होता."

मामांनी कपाळावर हात मारला. "माझी बहीण गेली, आणि हा नियम सांगतोय! याला संस्थेत ठेवायचं, नाहीतर दुकानाला कुलूप."

"मामा, इस्त्री मी ठेवली होती," ताई ओरडली. "नियमही माझाच होता. घालवायचं तर मला घालवा!"

"मायेपोटी बोलतेस तू. तुझं काय गं, जरा विसराळू एवढंच," मामा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. तिनं डॉक्टरीणबाईंचं नाव घेतलं, हातापाया पडली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. खापर फोडायला त्यांना एक डोकं हवं होतं, आणि ते त्यांनी केव्हाच निवडलं होतं.

संस्थेच्या फाटकाशी भाऊ पिशवी घेऊन उभा राहिला.

"ताई, मी चुकलो?"

"नाही रे. मी चुकले."

त्यानं मान डोलावली. त्याला तेवढं पुरलं. "मग तू कधी येणार?"

"दर रविवारी. सकाळी दहाला."

"दहा म्हणजे दहा?"

"दहा म्हणजे दहा."

"मी पावणेदहाला इथं येऊन थांबेन," तो म्हणाला आणि मागं न बघता आत गेला. तो थांबणार, याची तिला खात्री होती. ऊन असो, पाऊस असो, तो फाटक सोडणार नव्हता.

ती रस्त्याला लागली. दहा, दहा, असं घोकत कोपऱ्यापर्यंत गेली, आणि तिथंच तिचे पाय थांबले. आजवर तिला वेळेची आठवण तोच करून देत आला होता.