पाच बोटं

"लाझारदादा, थांब, हे बघ तरी," म्हणत बेकरीवाल्या तोत्कानं पिठाचा हात एप्रनला पुसला आणि फोन त्याच्या नाकासमोर धरला. रांगेतल्या दोघीतिघीही वाकल्या. त्यांनी ते आधीच पाहिलं होतं, आता त्यांना लाझारचा चेहरा पाहायचा होता.

फोनवर त्याच्या लग्नाचा फोटो होता. आणि तो हलत होता. पांढऱ्या पोशाखातली दोन्का मान वळवून हसली, त्याच्या खांद्यावरचा उजवा हात तिनं त्याच्या गालावर ठेवला आणि मग त्याला मिठी मारली. खाली त्यांच्या मुलीनं, इस्क्रानं, लिहिलं होतं, 'आई-बाबा. बेचाळीस वर्षांचं प्रेम.'

गेले दोन-तीन महिने गावात हेच वेड होतं. गेलेल्या माणसाचा फोटो ॲपमध्ये टाकायचा, ते त्याच्याकडून मिठी मारून घेतं. तोत्कानंही तिच्या वडिलांकडून घेतली होती. तिनं डोळे टिपले आणि म्हणाली, की असा संसार आजकालच्या पोरांना कुठला. लाझारनं चीज भरलेल्या बानित्साचा तुकडा घेतला, पैसे ठेवले आणि तो बाहेर पडला.

डॅन्यूबकाठच्या आमच्या त्या गावात चाळीस वर्षं फोटो काढणारा एकच माणूस होता, तो म्हणजे लाझार. बारसं, शाळा, लष्करात निघालेली पोरं, सगळं त्याच्याच कॅमेऱ्यातून गेलेलं. रिटचिंगमध्ये त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. बायका त्याच्याकडे मुरुमं घेऊन यायच्या आणि गुळगुळीत गाल घेऊन जायच्या.

दोन्का फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्यात होती. झाकणं बसवणाऱ्या यंत्रात लग्नाआधीच तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. लाझारला ते ठाऊक होतं, त्यानं तरी लग्न केलं, आणि गावानं त्याला मोठ्या मनाचा म्हटलं. ते त्यालाही आवडलं. मग शेजारच्या गावच्या फोटोवाल्यानं काढलेला लग्नाचा फोटो मोठा करताना दोन दिवस खपून त्यानं बारीक ब्रशनं ती नसलेली दोन बोटं काढली. नखांसकट. सावली अशी जमली, की स्वतःलाच खरं वाटावं. भिंतीवर लावून त्यानं तिला मोठ्या हौसेनं बोलावलं.

तिनं बराच वेळ पाहिलं. मग एवढंच विचारलं, "ही कोण आहे?"

भांडण झालं नाही. तिनं फोटो उतरवला आणि चादरींच्या तळाशी ठेवला. पुढं तिनं संसार केला, मूल वाढवलं, त्याच तीन बोटांनी डार्करूममध्ये त्याचे फोटो धुतले. पण त्याच्या कॅमेऱ्यासमोर ती कधीच उभी राहिली नाही. कागदपत्रांसाठी फोटो लागला की बस पकडून शेजारच्या गावच्या फोटोवाल्याकडे जायची. सुरुवातीला त्यानं दोनदा माफी मागायचं ठरवलं होतं. मग म्हणाला, होईल शांत. मग सवय झाली. मार्चमध्ये ती गेली.

घरी येऊन त्यानं इस्क्राला फोन केला. ती प्लोवदिव शहरात सलूनमध्ये असते. आईचे कपडे आवरताना तिला तो फोटो मिळाला होता. तो व्हिडिओ काढून टाक, असं त्यानं सांगितलं.

"का? एकोणीस हजार लोकांनी पाहिलंय, बाबा. लोक रडताहेत."

"तो तिचा हात नाही."

"मला माहीत आहे. त्याच हातानं माझ्या वेण्या घातल्यात तिनं." पलीकडे केस वाळवायचं यंत्र घरघरत होतं, ते बंद झालं. "बोटं मी नाही काढली. तू काढलीस. मी फक्त मिठी जोडली. लहानपणापासून वाट बघत होते, तुम्ही दोघं एकदा तरी एकमेकांना धराल म्हणून."

गिऱ्हाईक आलंय म्हणून तिनं फोन ठेवला. व्हिडिओ राहिला. रस्त्यात माणसं त्याच्या पाठीवर हात ठेवू लागली. शाळेच्या बाईंनी तर प्रेमावर चार शब्द बोलायला बोलावलं. तब्येतीचं कारण सांगून तो गेला नाही.

सप्टेंबरात सहा महिने झाले. आमच्याकडे अशा दिवशी गेलेल्याच्या आठवणीचा कागद दारावर, बसथांब्यावर, झाडांवर लावतात, वर फोटो आणि खाली नाव. मार्चमधले कागद अंत्यविधीवाल्यांनीच ओळखपत्रावरच्या फोटोतून केले होते. या वेळी इस्क्रानं त्या व्हिडिओतला हसरा चेहरा पाठवला आणि खाली लिहिलं, हाच लाव, सगळ्यांना आवडलाय.

लाझारनं कागद स्वतः छापले. नाव, दोन तारखा, आणि वरती काळ्या रेघेची रिकामी चौकट.

सकाळी तो बेकरीच्या दाराशी चिकटपट्टी दाबत होता, तेव्हा तोत्का बाहेर आली. कागद वाचून हळूच म्हणाली, "दादा, फोटो राहिलाय रे."

"नाही राहिला," लाझार म्हणाला. त्यानं अंगठ्यानं चौथा कोपरा दाबला. "मी काढलेला तिचा एकही फोटो नाही."

आणि उरलेले कागद काखेत धरून तो बसथांब्याकडे निघाला.