चुन्याची कड

कागद पहिला.

वाया.

कागद दुसरा ते दहावा.

तेही.

कागद अकरावा.

फेब्रुवारी एकाहत्तर, नेवासा. नीलांबरी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. दिवसभर ती मुलींच्या चित्रांतले वाकडे आंबे सरळ करते. तो हात घरी आला तरी थांबत नाही.

चार वर्षांपूर्वी मुंबईत, शिकत असताना, तिने एका जपानी म्हाताऱ्याला अक्षर काढताना पाहिलं होतं. कागद जमिनीवर. कुंचला केरसुणीएवढा. म्हातारा बराच वेळ नुसता उभा राहिला, मग खांद्यापासून सगळा हात फिरला आणि संपलं. एका जागी शाई तुटली होती. त्याने तिकडे पाहिलंही नाही.

नीलांबरीला अक्षर नको होतं. तो हात हवा होता.

अकराव्या कागदावर तिने काजळी-डिंकाच्या शाईचा फटकारा मारला, बरा आला, आणि शेवटी तिने तो जरासा नीट केला.

वाया.

कागद अठरावा.

"बाई, आज बी काळंच?"

भागूबाई. दर गुरुवारी खोली सारवायला येते.

"काळंच."

"काय हाय म्हनायचं ह्ये?"

"काही नाही. हात फिरला, त्याची खूण."

"मंग म्हशीनं शेपूट हानलं तरी चालंल की!"

"म्हैस मागे वळून पुसत नाही, भागूबाई. मी पुसते."

कागद चोविसावा. शेवटचा.

पुन्हा गुरुवार. एका प्रदर्शनासाठी चित्र मुंबईला पोचायची मुदत शनिवार. दुपारच्या एसटीने शाळेतले एक गुरुजी निघणार होते, तेच नेणार होते. मुंबई सोडल्यापासून नीलांबरीने कुठेच काही पाठवलं नव्हतं.

सकाळी सहाला ती कागदाशी उभी राहिली. हात फिरला.

डावीकडून वर, मग खाली, आणि शेपूट उजव्या काठाबाहेर निघून गेलेलं. मधे शाई फाटली होती. तिने कुंचला बादलीत टाकला आणि नीट करायचा मोह होऊ नये म्हणून सरळ शाळेत निघून गेली.

अकराला परतली. खोली सारवलेली. आणि कागदावर, चारी काठांनी, बोटभर रुंद पांढरी रेघ. उजवीकडे ती काळ्या शेपटावरून गेली होती.

"हे कुणी केलं?"

"म्या. चुन्यात चिंधी बुडवली न् काढली कड."

"का?"

"का म्हंजे?" भागूबाई उंबऱ्यात हात पुसत होती. "सारवून कड न्हाई काढली तर ती मयताची जागा. मानूस उचलल्यावर तसं सारवत्यात. तुमचं ह्ये काळं तसंच दिसत हुतं. आन् तुमी घरात एकट्या. ठिवू तसंच?"

नीलांबरी मोरीत गेली. तिने फडकं भिजवलं, पिळलं, गुडघ्यांवर बसली. चुना ओला होता, निघाला असता. तीन बाजूंचा तरी नक्की.

फडकं कागदापासून वीतभर.

पुसायचं. नीट करायचं.

वीतभर.

तिने कड पाहिली. चारी बाजू एका दमात ओढलेल्या. कोपऱ्यावर चिंधी वळली तिथे थेंब सांडलेला, आणि थेंब तसाच सोडून रेघ पुढे गेलेली.

तिने फडकं उंबऱ्याबाहेर टाकलं.

"चुकलं का वो बाई माजं?"

"मला विचारायचं तरी."

"तुमी साळंत हुता."

"हो."

"पुसा मंग."

"नाही. हे असंच जाईल. वाळेल का बारापर्यंत?"

भागूबाईने सूप आणलं आणि वारा घालायला लागली. नीलांबरीने प्रदर्शनाचा फॉर्म काढला.

"तुमचं नाव घालू का यात?"

"नगं बया! आमच्या म्हाताऱ्याला वाटंल, ह्या वयात म्हमईला पळाली."

नीलांबरी हसली. माध्यम, असा रकाना होता. तिने लिहिलं: काजळी, डिंक आणि चुना.

"जरा लांबून घाला वारा," ती म्हणाली, "शेपटापाशी अजून ओलं आहे."