न ढवळलेली बरणी

इतिहास शिकवायला मला कोणी नेमलं नव्हतं. मी गणिताची शिक्षिका. पुण्यात स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. केलं, आणि जन्म न्यू जर्सीतला असल्यामुळे हातात अमेरिकेचा निळा पासपोर्ट होता, तो घेऊन दोन वर्षांपूर्वी इकडे आले. फेब्रुवारीत आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, बदली माणूस मिळेना, आणि माझा एक तास रिकामा होता. मुख्याध्यापक म्हणाले, "धडे तयार आहेत. तुम्ही फक्त मुलांच्या दोन पानं पुढे राहा." मी तीन पानं पुढे राहायचे.

वर्ग अकरावीचा, मुलं अठ्ठावीस. विषय दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिका. तिसऱ्या रांगेत खिडकीपाशी ईशान बसायचा.

ईशानला मी घरी ओळखत होते. रेखामावशी, म्हणजे त्याची आई, माझ्या आईची नागपूरच्या कॉलेजातली मैत्रीण. इथे न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावात आल्यापासून मी तिच्याच घराच्या बेसमेंटमध्ये राहते. सकाळी शाळेला मीच त्याला गाडीतून नेते. घरी आणि गाडीत मी 'गिरिजाताई', शाळेत 'मिस दातार'. पार्किंगमध्ये गाडीचं दार बंद झालं की ताईची मिस व्हायची. ही अदलाबदल करताना तो एकदाही अडखळला नव्हता.

तो दोन वर्षांचा असताना इथे आला. बालवाडीपासून रोज सकाळी झेंड्यासमोर छातीवर हात ठेवून उभा राहिलेला मुलगा. मी सहा वर्षांची असताना आईबाबा मला घेऊन पुण्याला परतले होते, त्यामुळे मला आजही सगळ्या राज्यांच्या राजधान्या येत नाहीत. पण कागदावर इथली मी. त्याचे बाबा, कुमारकाका, नोकरीच्या एच-वन व्हिसावर आहेत. त्यांचा ग्रीन कार्डचा अर्ज २०१३ पासून रांगेत आहे. ईशान त्यांच्यावर अवलंबून म्हणून एच-फोरवर आहे, आणि एकवीस पूर्ण झाले की तो त्या रांगेतून बाहेर फेकला जातो. तोवर इथे राहायचं, शिकायचं, पण काम करायचं नाही. आइस्क्रीमच्या दुकानातसुद्धा नाही.

शाळेत हे कोणालाच माहीत नव्हतं. नववीपासून त्याचे मित्र उन्हाळ्यात कुठे ना कुठे काम करायला लागले, तेव्हा त्याने सांगून टाकलं की आमच्याकडे आईबाबा फार स्ट्रिक्ट आहेत, नोकरी नको, कॉलेज प्रवेशाच्या एसएटीचा अभ्यास कर म्हणतात. मावशीने ती भूमिका मनापासून घेतली. त्याचा जवळचा मित्र मार्कस घरी आला की कपाळाला आठ्या घालून ती विचारायची, "ईशान, मॅथ फिनिश केलंस?" तो गेला की माझ्याकडे वळून म्हणायची, "कशी झाली ॲक्टिंग? यार, त्या पोराला मी सीरियलमधली सासू वाटत असणार."

मार्चमध्ये व्हिएतनामचा धडा आला.

१ डिसेंबर १९६९ला इथे तरुणांना सैन्यात नेण्यासाठी सोडत काढली होती. वर्षातल्या तीनशे सहासष्ट तारखांच्या चिठ्ठ्या निळ्या प्लास्टिकच्या कुप्यांत घातल्या आणि काचेच्या बरणीतून एकेक कुपी काढली. ज्याची जन्मतारीख आधी निघाली, तो आधी जाणार. पण कुप्या महिनावार भरल्या होत्या आणि नीट ढवळल्या नव्हत्या. त्यामुळे वर्षाच्या शेवटी जन्मलेल्यांच्या तारखा लवकर निघाल्या. जानेवारीवाल्यांचा सरासरी क्रमांक दोनशे एक आला, डिसेंबरवाल्यांचा एकशे एकवीस.

हा आकडेसंच मी पुण्यात सोडवला होता. तेव्हा मला त्यात फक्त खाली उतरत जाणारी रेघ दिसली होती. आता इतिहासाच्या पुस्तकात पहिल्यांदाच ओळखीचं कोणी भेटल्यासारखं झालं आणि मी ठरवलं, वर्गात ही सोडत पुन्हा काढायची.

ईस्टर जवळ आला होता, दुकानात मधोमध उघडणारी प्लास्टिकची अंडी मिळत होती. त्यातली अठ्ठावीस निळी घेतली. मावशीची पोह्यांची उंच काचेची बरणी मागून आणली. प्रत्येक मुलाची जन्मतारीख एकेका अंड्यात घातली. मुलींनाही धरलं, नाहीतर अर्धा वर्ग नुसता बघत बसला असता. आधी जानेवारीची अंडी भरली, मग फेब्रुवारीची, असं करत शेवटी डिसेंबर. वरवर दोनदा हात फिरवला. मला जो निकाल दाखवायचा होता, तो यावा अशीच ही रचना होती. वर्गात डिसेंबरमध्ये जन्मलेले दोघेच होते. मार्कस एकोणीस तारखेचा आणि ईशान सत्तावीसचा. ती दोन अंडी सर्वांत वर होती आणि ते मला बाहेरून दिसत होतं.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने बरणीत हात घातला, अंडं उघडलं आणि वाचलं, "डिसेंबर सत्तावीस."

"ईशान!" वर्ग ओरडला. मार्कसने उभं राहून सॅल्यूट ठोकला. "नंबर वन! पण तुझ्या आईला कोण सांगणार?"

"ती जनरलला फोन करेल," ईशान म्हणाला. "म्हणेल, एसएटीनंतर घेऊन जा."

सगळे हसले, मीही हसले. दुसरं अंडं नोव्हेंबरचं निघालं, तिसरं मार्कसचं. फळ्यावर तारखा लिहिताना मला रेघ उतरताना दिसत होती आणि मी खूश होते.

मग त्याच मुलीने विचारलं, "मिस दातार, तेव्हा इमिग्रंट लोकांनाही जावं लागायचं?"

प्रश्न चांगला होता आणि उत्तर मी वाचून आले होते. "हो. ग्रीन कार्ड असलेल्यांना जावं लागायचं. आजही तसाच नियम आहे. अठरा झाल्यावर तीस दिवसांत मुलग्यांनी सैन्यभरतीच्या यादीसाठी सरकारकडे नाव नोंदवायचं, ग्रीन कार्डवाल्यांनीसुद्धा. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना मात्र ते लागू नाही." मी हे फळ्यावर लिहिलं.

"म्हणजे ईशान गेलाच," मार्कस म्हणाला.

"नाही," मी म्हणाले. "ईशान एच-फोरवर आहे. त्याला लागू झालं नसतं."

मी एक चूक दुरुस्त केली होती. पहिल्या क्रमांकाच्या मुलाला सोडवलं, असंही कुठेतरी वाटलं असेल. खडू हातात धरून मी वळले तेव्हा वर्ग ईशानकडे पाहत होता.

"एच-फोर म्हणजे काय?" कोणीतरी विचारलं.

मार्कस हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे तू... इथला नाहीस?"

 ईशानचं अंडं त्याच्यापर्यंत पोचलं होतं. ते तो उघडत होता आणि मिटवत होता. मागच्या रांगेतून आवाज आला, "इमिग्रेशनवाल्यांना फोन लावा रे," आणि तीन-चार जण हसले. "बास!" मी ओरडले. या वर्गात मी पहिल्यांदा ओरडले होते. घंटा झाली. आलेख दाखवायचा राहिलाच.

दुपारी तो गाडीपाशी आला नाही. घरी पोचले तेव्हा तो आधीच वर त्याच्या खोलीत होता आणि मावशी ओट्याशी भेंडी पुसत होती. एकेक भेंडी, दोन्ही बाजूंनी.

"मावशी, माझं—"

"काय झालं विचारलं त्याला, तर म्हणाला, आस्क मिस दातार. मग मार्कसच्या आईचा मेसेज आला. इफ देअर इज एनीथिंग वी कॅन डू, म्हणे. कोणी मेल्यासारखा." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "तीन वर्षं मी खडूस आई झाले गं. तू एका वाक्यात संपवलंस."

"मी खोटं नाही बोलले."

"मी कुठे म्हणते खोटं? घरातलं बोललीस."

कुमारकाका घरूनच काम करत होते. हेडफोन गळ्यात अडकवून ते बाहेर आले. "हे बघा, स्कूलमध्ये कम्प्लेंट वगैरे काही करायची नाही. कम्प्लेंट केली की फॉर्म आला. फॉर्मवर आपलं स्टेटस आलं. हिची नोकरी जाईल आणि आपलं नाव पार स्कूल डिस्ट्रिक्टच्या ऑफिसपर्यंत जाईल. जे आहे ते क्लासमध्येच मिटवा." मीटिंग चालू होती म्हणून ते लगेच आत गेले.

"उद्या सांग," मावशी म्हणाली. "सांग की गल्लत झाली. दुसऱ्या कोणाचं तरी ईशानच्या नावावर बोललीस. ईशानचं ग्रीन कार्ड आहे म्हण."

"पण नाहीये मावशी. रोज मी त्या मुलांना सांगते की पुराव्याशिवाय कुठलीच गोष्ट—"

"गिरिजा." तिने फडकं खाली ठेवलं. "तू जन्मलीस तेव्हा तुझी आई कुठल्या गावात होती, एवढाच तुझा पुरावा. दुसरा काही असेल तर दाखव."



मी वर जाऊन दार वाजवलं. ईशान पलंगावर बसला होता, फोन पालथा घातलेला.

"मी काय करू सांग," मी म्हणाले.

"आईचं ऐकलं मी. दॅट्स फाइन."

"तुला काय हवंय?"

त्याने फोन उचलून पुन्हा पालथा ठेवला. "तुला माहीत होतं? डिसेंबर आधी येणार ते?"

"हो."

"ओके." तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "तू उद्या खोटं बोलशील तेव्हा घाई करू नकोस. लोक घाई करतात आणि पकडले जातात. मी नववीपासून करतोय."

दुसऱ्या दिवशी मी आलेख दाखवला. बारा महिने, बारा ठिपके, खाली उतरणारी रेघ. मुलांना ती पटली. मागच्या रांगेतला मुलगा म्हणाला, "म्हणजे कोणी मुद्दाम केलं नाही, फक्त नीट ढवळलं नाही?" मी म्हणाले, "त्यांनी नाही. काल इथे मी मात्र मुद्दाम तसं भरलं होतं." मुलं त्यावरही हसली. त्यांना ती गंमत वाटली.

मग मी घाई न करता म्हणाले, "आणखी एक. काल मी ईशानबद्दल जे बोलले, ते चुकीचं होतं. दुसऱ्या तासाच्या एका विद्यार्थ्याशी माझी गल्लत झाली. ईशानकडे ग्रीन कार्ड आहे. अशी कोणाचीही खासगी गोष्ट वर्गात बोलणं मुळातच चूक होतं. त्याबद्दल मी माफी मागते."

शेवटची दोन वाक्यं खरी होती. त्यांच्या आधाराने बाकीची उभी राहिली.

वर्गाने लगेच विश्वास ठेवला. सहा आठवडे मी त्यांना शिकवत होते, कोण सांगतंय, त्याला कसं माहीत, दुसरीकडे पडताळा मिळतो का. एकानेही विचारलं नाही. मागच्या रांगेतला मुलगा वळून म्हणाला, "सॉरी, मॅन." मार्कसचा चेहरा असा खुलला की मला त्याच्याकडे बघवेना. त्याने ईशानच्या दंडावर गुद्दा मारला.

"मला वाटलंच! काल काही बोलला का नाहीस? मग ऐक, यंदा उन्हाळ्यात आमच्या दुकानात ये. मॅनेजर माणसं शोधतोय."

"आई," ईशान म्हणाला.

"अरे देवा, तुझी आई!" वर्ग हसला. ईशानही हसला. सगळं परवासारखं झालं. मी कागद आवरायला लागले.

"थांब, थांब," मार्कस म्हणाला. तो फळ्याकडे पाहत होता. कालची माझी ओळ कोणी पुसली नव्हती. "मिस दातार, अठरा झाल्यावर तीस दिवसांत. ग्रीन कार्डवाल्यांनीसुद्धा, बरोबर?"

"बरोबर," मी म्हणाले.

"मग आपण दोघं एकदम करू." तो ईशानकडे वळला. "माझा एकोणीस, तुझा सत्तावीस. तुझ्या वाढदिवसाला मी येतो तुझ्याकडे. फोनवर फॉर्म आहे, पाच मिनिटांचं काम. तुझा आधी, नंबर वन ना तू! याला तरी तुझी आई नाही म्हणणार नाही. कायदा आहे."

कालपासून पहिल्यांदा ईशानने माझ्याकडे पाहिलं. तो मदत मागत नव्हता. मी आता काही दुरुस्त करते का, एवढंच तो पाहत होता. मी बरणीचं झाकण हातात धरून उभी राहिले.

"शुअर," तो मार्कसला म्हणाला. "डन."

मार्कसने फोन काढला, कॅलेंडरमध्ये दोघांसाठी तारीख टाकली, आणि क्षणभराने ईशानच्या खिशातला फोन वाजला.

दुपारी तो गाडीत येऊन बसला. बरणी त्याने मांडीवर घेतली, कारण मागे ती गडगडली असती. गोळा केलेली अंडी मी परत आत भरली होती, प्रत्येक वळणावर ती एकमेकांवर आपटत होती. शाळेचं फाटक मागे पडलं, आम्ही सिग्नलला थांबलो.

"अजून नऊ महिने आहेत," मी म्हणाले.

"दोनशे चौऱ्याऐंशी दिवस," तो म्हणाला. सिग्नल सुटला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तो फॉर्म भरायचा नसताना खोटा भरला तर काय होतं?"

"मला नक्की माहीत नाही. बघून सांगते."

"नको," तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला. "तुम्ही नका बघू. मी बघेन, मिस दातार."