पाचव्या मजल्याची चावी

"बाई, तुमचं शहर आता शहर राहिलेलं नाही. जिल्ह्यात विलीन झालात तुम्ही. घरं तापवायला सुरुवात करायचा आदेश इथूनच निघणार," फोनवरचा माणूस म्हणाला.

"मग काढा ना तिथून."

"नियम आहे. सलग पाच दिवस सरासरी आठ अंशांच्या खाली जावी लागते. काल बारा होती."

"तुमच्याकडे असेल बारा. तुम्ही दक्षिणेला, खाली नदीकाठी. आमच्याकडे सकाळी डबकी गोठतात."

"मोजमाप जिल्ह्याच्या ठिकाणचं धरतात," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

आई पलंगावर होती. लोकरी टोपी, शाल, वर माझा कोट. एक हात पांघरुणाबाहेर काढून तिने भिंतीच्या रेडिएटरवर, गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या लोखंडी नळ्यांवर, ठेवला होता. रेडिएटर बर्फासारखा गार होता, तरी ती हात काढून घेत नव्हती.

"काय म्हणतोय?"

"बारा आहे म्हणे."

"मूर्ख. त्याला सांग, आदेश राहू दे, चाचणी कर."

ही आईची जुनी युक्ती. राईसा एफीमोव्हना, म्हणजे माझी आई, स्तारोपेच्स्कच्या नगर कचेरीत घरं आणि उष्णता हा विभाग सांभाळायची. थंडी लवकर आली आणि नियम आडवा आला की ती गावभर गरम पाणी सोडणाऱ्या बॉयलरघराला 'नळांची चाचणी' घ्यायला लावायची. चाचणीला कुणाचा आदेश लागत नाही. मग ती चाचणी काही केल्या संपायची नाही. आदेश निघेपर्यंत चालू राहायची. माझ्या लहानपणी गावातल्या मुलांना वाटायचं, हिवाळ्याच्या आधी चाचणी नावाचा एक ऋतू असतो.

मी पुन्हा फोन लावला. चाचणी ऑगस्टमध्येच उरकली होती. आईने हात पुढे केला. "दे इकडे." मग आवाज खणखणीत करून ती बोलली, "राईसा एफीमोव्हना बोलतेय. स्तारोपेच्स्क. घरं आणि उष्णता."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "असा विभाग नाही आमच्याकडे, आजी."

तिने फोन माझ्याकडे दिला. मग म्हणाली, "आजी म्हणाला."

समोरच्या घरातली क्लावामावशी गरम सूप घेऊन आली. ती पूर्वी गावच्या लोखंड ओतायच्या कारखान्यात साचे भरायची. "राजाच्या काळात इथे तोफगोळे ओतले," ती सूप ढवळत म्हणाली, "युद्धात परत तोफगोळे. नंतर निम्म्या देशाचे रेडिएटर. आणि आपण बसलोय टोप्या घालून. लोहाराच्या घरात सुरी नाही म्हणतात ना, तसं."

"आधी कारखाना गेला," आई म्हणाली, "मग प्रसूतिगृह, मग इस्पितळ, मग कचेरी. आता थर्मामीटरही नेला."

विजेची शेगडी लावली होती, पण सगळ्या इमारतीनेच लावली होती, त्यामुळे फ्यूज उडत होता. आईला जिल्ह्याच्या इस्पितळात न्यायचं मी दोनदा सुचवलं. "तिथे मेले तर मृत्यूचा कागदही तिथलाच निघेल," ती म्हणाली. "मी इथली आहे."

दुपारी मी बॉयलरघरात गेले. बॉयलर चालवणारा गेन्नादी दारातच सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होता. त्याला कामावर आईनेच लावलं होतं.

"कोळसा आहे, पाणी भरलंय, सगळं आहे, झोया," तो म्हणाला. "मुख्य नळाच्या चाकाला जिल्ह्याचे लोक सील लावून गेलेत. तोडलं तर माझी नोकरी जाते. तुझी आई खुर्चीवर असती तर एव्हाना चाचणी सुरू असती."

"ती खुर्चीवर नाही. थंडीत पडलीय."

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला बोल लावायला माझी जीभ रेटली नाही. ते चाक मात्र मी किती तरी वेळ बघत राहिले. हाताने फिरवता येईल इतकं साधं चाक.

घरी आले तेव्हा आईने विचारलं, "चावी कुठाय?"

रेडिएटरमधली हवा सोडायची पितळी चावी तिच्या पलंगाशेजारच्या खणात असायची. आमचं घर सर्वांत वर, पाचव्या मजल्यावर. पाणी सोडलं की सगळ्या नळाची हवा वर येऊन आमच्याकडे अडकते. ती आम्ही सोडली नाही तर खालची चारही घरं गार राहतात. खाली ऊब पोचली की ते नळावर दोनदा ठोकायचे, आणि आई चावीने एकदा ठोकून उत्तर द्यायची.

मी चावी तिच्या हातात दिली. ती मुठीत धरून आई झोपली.

शनिवारी पहाटे आई गेली. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं, वय. थंडीचं नाव कुणी घेतलं नाही. जिल्ह्याच्या कचेरीतून पुष्पचक्र आलं. त्याच्या फितीवर गावाचं नाव नव्हतं, जिल्ह्याचं होतं.

नवव्या दिवसाच्या जेवणाला शेजारीपाजारी जमले. गव्हाचा गोड कूत्या, धिरड्यांसारख्या ब्लिनी, आईच्या फोटोपुढे व्होडकाचा प्याला आणि त्यावर काळ्या पावाची चकती. सगळे कोट घालूनच बसले होते. क्लावामावशी काहीतरी सांगत होती आणि मध्येच थांबली.

भिंतीत गुडगुडलं. मग धातू ताणल्याचा आवाज आला. मग पुन्हा.

"पाणी आलं," कुणीतरी म्हणालं. आणि सगळे एकदम खाली बघू लागले, जणू त्यांच्याच हातून काही चुकलं होतं.

मी जागेवरून उठले नाही. येऊ दे, म्हटलं. आता येऊन काय उपयोग? हवा सोडायचीच नाही; चालेल तितके दिवस गार राहू दे सगळ्यांना. जिल्ह्यालाही कळू दे.

खालून कुणीतरी नळावर ठोकलं. दोनदा नव्हे, अधीरपणे, खूपदा. तिसऱ्या मजल्यावर तान्हं मूल होतं.

क्लावामावशीने रेडिएटरखाली धरायची परात माझ्यासमोर आणून ठेवली.

मी आईच्या खोलीत गेले. पलंगावरची गादी गुंडाळून ठेवली होती. रेडिएटरच्या कडेवर आमच्या कारखान्याचा ओतीव ठसा होता, रंगाच्या थरांखाली बुजत आलेला. मी खणातून चावी काढली, परात धरली आणि चावी लावून फिरवली. हवा फुसफुसत बाहेर पडू लागली; लांबलचक, संपता न संपणारी. मग गंजाचं काळं पाणी, मग स्वच्छ, मग कढत.

मी चावी उलट फिरवून पाणी बंद केलं आणि थांबले.

खालून दोन ठोके आले.

मी चावी उलटी धरली आणि नळावर एकदा ठोकली.