उजवा पीळ

वहिनीने चमच्यांच्या खणातून एक स्क्रू शोधून काढला आणि अभ्यासाच्या पत्त्यावरच्या चित्राशेजारी उभा धरला. स्क्रूचे आटे एका बाजूला चढत होते, चित्रातला पीळ दुसऱ्या. तिने स्क्रू उलटा धरून पाहिला. आटे तसेच. मग पत्ता उलटा धरला. पीळही तसाच. बायकोची ही तंद्री पाहून नवऱ्याने मुकाट्याने स्वतःचं ताट वाढून घेतलं.

लग्नाआधी ती रसायनशास्त्र शिकवायची. मग सासऱ्यांचं आजारपण निघालं, आणि ते गेल्यावरही ती घरीच राहिली, कारण तोवर सगळ्यांना तिची घरात सवय झाली होती. आता नणंदेच्या प्रयोगशाळेत सहायकाची एक जागा निघाली होती. ती वहिनीला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. मुलाखतीत प्रथिनांच्या घड्या विचारणार होते. प्रथिन म्हणजे लांबलचक साखळी. ती कुठे पीळ घेत, कुठे पट्टीसारखी सपाट होत, स्वतःवरच दुमडून घडी घालून बसते. प्रथिनं ढीगभर, पण नेहमीच्या घड्या मोजक्या, आणि त्या पाहताक्षणी ओळखता आल्या पाहिजेत.

शिकायचं कशावरून, हाच घोळ होता. नणंदेने आधी दोन संकेतस्थळं सुचवली. तिथे जगातल्या सगळ्या घड्या कुळं-उपकुळं पाडून लावलेल्या. ज्याला घडी माहीत आहे त्याला ती तिथे चटकन सापडायची. ज्याला माहीत नाही त्याने नुसतं भटकायचं. मग एक जाडजूड पुस्तक आलं. ते चांगलं होतं, पण घड्यांपर्यंत पोचेतो मुलाखत होऊन गेली असती. शेवटी नणंदेने मोठ्या मनाने सरांचे घड्या ओळखायचे पत्ते आणून दिले. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. चित्रं त्यांनी स्वतः काढलेली. पुढे चित्र, मागे नाव. नणंद याच पत्त्यांवर शिकली, तिच्या मागून आलेले सगळेही. वहिनीला ते फार आवडले. पिंपाची घडी कुठली, पंख्याची कुठली, जुडीची कुठली, हे बघता बघता डोक्यात बसलं.

फक्त काही पत्त्यांवर पीळ डावा होता. पुस्तकात तर स्वच्छ लिहिलेलं, की प्रथिनातला पीळ उजवा असतो, साध्या स्क्रूसारखा.

संध्याकाळी नणंद आली तेव्हा वहिनीने तिला विचारलं. नणंदेने पत्त्याकडे ओझरतं पाहिलं.

"वहिनी, उगाच फाटे फोडू नकोस. पीळ उजवाच असतो. सर हे हमखास विचारतात. डोळे मिटून उजवा म्हण."

मुलाखतीत सरांनी नेमका पिंपाचा पत्ता पुढे सरकवला. नाव बरोबर आलं. आत पट्ट्या आठ, बाहेर पीळ आठ, तेही बरोबर आलं. शेजारी बसलेल्या बाई कागदावर खुणा करत होत्या. मग सरांनी पीळ कोणत्या हाताचा ते विचारलं.

तिने डोळे मिटायला हवे होते. पण सवय नव्हती, त्याला ती तरी काय करणार.

"उजवा असायला हवा," ती म्हणाली. "पण या चित्रात डावा आहे. छापताना आरशातल्यासारखं उलटं पडलं असेल."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला, पत्ता डोळ्यांजवळ नेला आणि तो तसाच खिशात टाकला. कळवू, म्हणाले.

जागा दुसऱ्याला मिळाली. त्याने उजवा म्हटलं होतं. नणंदेने हे भावाला फोनवर सांगितलं, भावाने जेवताना बायकोला. वहिनीला फार वाईट वाटलं. राग सरांचा आला, नणंदेचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या तोंडाचा. त्या तोंडाला एकदा तरी गप्प बसता आलं असतं तर काय बिघडलं असतं, असं ती भांडी विसळताना पुटपुटत राहिली.

पुढच्या आठवड्यात नणंद एक खोका घेऊन आली. पाणी मागितलं, भाच्यांच्या अभ्यासाची चौकशी केली, उकाड्याला नावं ठेवली. मग हळूच विषय काढला. पिंपाचं मूळ चित्र सरांच्या कपाटात सापडलं होतं आणि पत्ता खरंच उलटा निघाला होता. बाकीची मूळ चित्रं कधीच गहाळ झाली होती. तर वहिनीने सवडीने, घरच्या घरी, सगळे पत्ते पाहून उलटे तेवढे वेगळे काढून द्यावेत, असं सरांचं म्हणणं होतं.

"तूच का नाही काढत?" वहिनीने विचारलं. "तू तर यांच्यावरच शिकलीस."

नणंद खोक्याचं झाकण उघडत, लावत राहिली.

"बघितले गं. सरांनीपण बघितले," ती म्हणाली. "आम्हाला सगळे उजवेच दिसतात."

वहिनीने खोका जवळ ओढला. वरचा एक पत्ता उचलून क्षणभर पाहिला, पुन्हा आत ठेवला, झाकण लावलं आणि खोका नणंदेच्या मांडीवर दिला.

"घरी बसून नाही बघणार," ती म्हणाली. "तिथे टेबल द्यायला सांग."

नणंदेने खोका बाजूला ठेवला. मग तिने पर्समधून फोन काढला आणि सरांचा नंबर लावला.