यादीतला दादा

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे आणि पाहुण्यांच्या ओळखीचे असे सगळे माझ्या बहिणीच्या टीव्हीकडे डोळे लावून बसले होते. घरातल्या एकुलत्या एक आरामखुर्चीत बिनतारी बाबा ऐसपैस बसले होते. त्यांच्यामागे खांद्याला झोळी लावलेला शिष्य उभा होता.

"आत्म्याला तार लागत नाही!" बाबा गरजले. "प्लग लागत नाही, बिल लागत नाही! ये बाळा, ये!"

टीव्हीवर घरच्या वाय-फायला जोडलेल्या उपकरणांची यादी होती. आईचा लॅपटॉप. छोटीचा टॅब. बघता बघता खाली तिसरं नाव उमटलं: दादा.

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दादा म्हणजे माझा भाचा. गेल्या वर्षी तापाने फणफणला म्हणून दवाखान्यात नेला, तो परत आला नाही. त्याचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत प्लग काढून, चादर घालून ठेवलेला होता. तरीही यादीत त्याचं नाव होतं.

मग टीव्हीतून त्याचा आवाज आला. "आई, नको."

"ऐकलंस माई?" बाबा डोळे मिटून म्हणाले. "पोरीला कापायला देऊ नको म्हणतोय. माझं मंतरलेलं पाणी चालू ठेव. आणि त्याची खोली आमच्या गादीला दे, म्हणजे तो कायमचा इथेच राहील."

माझी ताई मान डोलवत राहिली. शेजारी सोफ्यावर तिची चौदा वर्षांची मुलगी, आमची छोटी, उशांना टेकून बसली होती. तिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र. दोन पायऱ्या चढली की ओठ निळे पडत. ऑपरेशन परवावर आलं होतं, आणि आणखी थांबलात तर मग आम्हालाही हात लावता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. दोन आठवडे ताईपुढे डोकं फोडत होतो, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ती एवढंच म्हणाली होती, "तुझ्या विज्ञानाने वाचला का रे माझा मुलगा?" स्वयंपाकघरात जाऊन मी नळ सोडला आणि रडून घेतलं. मुलगा गेला होता, आता मुलगीही जाणार आणि आपण नुसते बघत राहणार, याची मला खात्रीच झाली होती.

त्या संध्याकाळी, गर्दी जमायच्या आधी, छोटीने मला जवळ बोलावलं. तिला धाप लागत होती, म्हणून ती तुटक तुटक बोलत होती.

"मामा, दर बैठकीत ऐकू येतो तो 'आई, नको' कुठला आहे माहितीये? आई त्याला तिसऱ्यांदा भात वाढत होती, मी व्हिडिओ काढत होते. पुढे तो म्हणतो, 'पोट फुटेल गं माझं!' ते यांनी कापलंय."

"पण प्लग तर काढलेला आहे!"

"प्लग काढायला कोणी सांगितलं? बाबांनीच, पहिल्या भेटीनंतर. आणि झोळीवाला पाणी आणायला खाली गेला की दादाचं नाव जातं. मी तीनदा बघितलंय." ती दम खायला थांबली. "आज तू फक्त बाबांना बोलतं कर."

बाबांना बोलतं करायला कष्ट पडत नाहीत. भर बैठकीत मी हात जोडले. "महाराज, या यादीत जिवंत माणूस दिसू शकतो का हो?"

"मूर्खा! जिवंताचा आत्मा यादीत नाव लावायला मोकळा कुठे असतो? इथे दिसतो तो देह सोडलेलाच!"

"नक्की?"

"त्रिवार सत्य!"

छोटीने टॅबवर बोटं फिरवली. टीव्हीवर 'छोटीचा टॅब' पुसलं गेलं आणि त्या जागी नवं नाव आलं: बिनतारी बाबा.

मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"महाराज, कधी वारलात?" मी विचारलं. "कळवलं असतं तर आलो असतो."

"करणी आहे ही!" बाबा खुर्चीतून उठले. "माई, या पोरीच्या अंगात वाईट शिरलंय!"

"आई," छोटी म्हणाली, "वाय-फायचा पासवर्ड बदल. दादाला तार लागत नाही ना? मग पासवर्ड कशाला लागेल? बदलल्यावरही तो दिसला, तर मी ऑपरेशनचं नाव काढणार नाही."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. पासवर्ड भाच्याने ठेवला होता: आईभूकलागलीय. शाळेतून येऊन दारातूनच तो हे ओरडायचा. अख्ख्या इमारतीला तो पासवर्ड पाठ होता, बाबांच्या शिष्यालाही ताईनेच सांगितला होता. पण तो बदलायचा म्हणजे मुलाचा घरात उरलेला शेवटचा शब्द पुसायचा.

"नको गं," ती म्हणाली. "तेवढं नको. तोही जाईल."

"आई, मी आहे ना अजून."

ताईने तिच्या निळ्या ओठांकडे पाहिलं. लॅपटॉप मांडीवर ओढला. छोटी सांगत गेली तशी एकेक अक्षर टाकत गेली, आणि शेवटचं बटण दाबताना तिच्या तोंडून असा आवाज निघाला की मला ऐकवेना.

टीव्ही वायरीने जोडलेला, तो चालूच राहिला. यादीतली सगळी नावं गेली. छोटीने टॅबमध्ये नवा पासवर्ड टाकला. बिनतारी बाबा परत आले. दादा आला नाही.

शिष्य दाराकडे सरकत होता. गर्दीत उभ्या असलेल्या इमारतीच्या वॉचमनकाकांनी त्याची झोळी धरली. आत एक छोटा लॅपटॉप चालू होता, चांगला गरम झालेला.

युक्ती पोरखेळाची होती. घरात तीन जातींची यंत्रं असली तरी एका वाय-फायवर आली की ती एकमेकांना दिसतात. भाच्याने ती तशी जोडलीच होती, बहिणीला आणि आईला त्याची गाणी ऐकता यावीत म्हणून. शिष्याने पहिल्याच भेटीत त्याच वाटेने त्याचे व्हिडिओ उतरवून घेतले आणि आपल्या यंत्राला 'दादा' नाव दिलं. नाव काय, कोणालाही कोणतंही देता येतं.

बाबांना लोकांनी पोलीस येईपर्यंत त्याच आरामखुर्चीत बसवून ठेवलं. पण ताईचं तिकडे लक्ष नव्हतं. "मग इतके दिवस मी कोणाशी बोलत होते रे?" ती विचारत होती. तिचा मुलगा त्या रात्री दुसऱ्यांदा गेला. मला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी दवाखान्यात ताईने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "धोका आहे का?"

"आहे," त्या म्हणाल्या. "पण थांबण्यात जास्त आहे."

वाचकहो, बाबांनी धोक्याचं नाव कधीच काढलं नव्हतं. जो तुम्हाला शंभर टक्के हमी देतो आणि प्रश्न विचारला की चिडतो, त्याची झोळी आधी उघडून बघा. दुःखात असाल तर नक्कीच बघा, कारण तो तेव्हाच येतो.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी छोटीने डोळे उघडले. ओठ गुलाबी होते. ताई तिच्यावर वाकली.

"आई," छोटी पुटपुटली, "भूक लागलीय."