पंचदळ शिळेचा कौल

दगड हलला.

"हिला रे, हिला!" पुढच्या रांगेतून आरोळी उठली आणि बंद मिलच्या फाटकासमोरचा अख्खा मांडव गुडघ्यांवर उभा राहिला. काचेच्या ताटात तीर्थ होतं. तीर्थात पेढ्याएवढा चपटा दगड, आणि दगडावर पाच पाकळ्यांचं फूल. कुणी कोरलेलं नाही, आपोआप उमटलेलं. बुडबुडे सोडत, थरथरत तो दगड सरकला आणि समोर बसलेल्या म्हातारीच्या बाजूला काठाशी टेकला.

कौल मिळाला! म्हातारीने पदराच्या गाठीतून गोळ्या काढून शेजारच्या पाणी भरलेल्या हंड्यात टाकल्या. बायका तिच्याच पाया पडायला धावल्या.

चारुलता भावाजवळ सरकली. पुढचा नंबर देवेंद्रचा होता.

देवेंद्र तिचा धाकटा भाऊ. मिलमध्ये मागावर होता. मिल बंद पडली आणि छातीत क्षय निघाला. औषधं अर्ध्यावर आली होती. खोकला थांबला होता, गोळ्यांनी मळमळायचं तेवढं राहिलं होतं. त्या गोळ्या आत्ता त्याच्या खिशात होत्या.

"देवू, खोकला थांबला म्हणजे रोग गेला असं नाही," ती कुजबुजली. "मध्येच सोडलंस तर तो परत येईल. मग या गोळ्यांना जुमानणार नाही."

"ताई, मिल खुलेल असं पण तूच म्हणत होतीस."

भोंगा खरखरला. ताटामागे बसलेले चिंतामणबाबा बोलू लागले:

"भक्तजनहो! ही शिळा सागराच्या पोटातली! साइन्स फेल! विदेशी कंपनी आली, विदेशी दवा आली, आणि आपली मिल बंद! का? देवाला विसरलो! शिळा ज्याच्याकडे चालेल त्याचा रोग मेला समजा. गोळ्या विसर्जन करा! और सुनो, हे तीर्थ प्यायचं नाही. सिर्फ दर्शन! जो पिईल त्याचा कौल कटेल!"

सागराच्या पोटातली. एवढं एकच वाक्य खरं होतं, आणि ते बाबांना ठाऊक नव्हतं.

चारुलताला होतं. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची. असाच एक दगड प्रयोगशाळेच्या कपाटात होता, धार जिल्ह्यात बाघच्या बाजूला चुनखडीत सापडलेला. पण तो कपाटात कधी चालला नव्हता. हा का चालतो? ते तिला कळत नव्हतं, आणि देवेंद्र ताटासमोर जाऊन बसलाही होता. शेजारी आई, आनंदीबाई.

बाबांनी ताट दोन्ही हातांनी पुढे धरलं.

आणि आनंदीबाईंनी, जन्मभर जे केलं तेच केलं. तीर्थ समोर आलं की हात जातोच. तीन बोटं बुडवली, ओठांना लावली, ओला हात डोक्यावरून फिरवला.

"अगं बाई! आंबट ढाण!"

"माताजी! पाप!"

"पाप कसलं? तीर्थ म्हटलं की घेतेच मी. पण यात निंबूसत घातलंय की काय हो?"

चारुलता उठली. आंबट. चुनखडी. बुडबुडे. ताट काचेचं, गुळगुळीत; तांब्याचं असतं तर आंबटाने कळकलं असतं.

"बाबाजी, ताटात साधं पाणी घ्या."

"ताईजी, बीच में नका बोलू," रामभाऊ आडवा आला. हाही मिलचाच जुना माणूस, आता बाबांचा सेवेकरी. "माझ्या बायकोला कौल मिळाला आहे इथे."

"रामभाऊ, आपल्या नळाला कुठलं पाणी येतं?"

"नर्मदाजीचं. सगळ्या इंदूरला येतं."

"मग नर्मदामैयाच्या पाण्यात देव चालणार नाही?"

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. आता नर्मदेला नाही कोण म्हणणार? बाबांच्या ओठांवर 'नाही' आलं होतं, पण गर्दीकडे बघून ते आतच राहिलं. रामभाऊ तरातरा नळावर गेला आणि बादली भरून आला. तीर्थ एका गंजात ओतलं, शिळा धुतली, ताटात मैयाचं पाणी.

दगड जागेवर.

बाबांनी मंत्र वाढवला. ताटाखालचा अंगठा वर रेटला. पाणी देवेंद्रच्या मांडीवर सांडलं. दगड जागेवर.

"थकले असतील देव," मागून कुणीतरी म्हणालं. "भिया, पोहे खिला दो." खसखस पिकली.

चारुलताने ताट स्वतःकडे ओढलं, पाणी फेकलं, तेच आंबट तीर्थ परत ओतलं. दगडाखालून बुडबुडे फुटले. तिने अंगठ्याने काठ जरासा उचलला. दगड सरळ चिंतामणबाबांच्या पोटापाशी जाऊन थांबला.

"बाबाजी, कौल तुम्हाला. तुमचा रोग मेला!"

हशा. पण रामभाऊ हसला नाही. "ताई, हे काय आहे मग?"

"हा प्राणी होता, रामभाऊ. तारामाशाचा भाऊबंद, सी-अर्चिन. कंटकचर्मी म्हणतात या कुळाला. अंगभर काटे, त्या काट्यांवर चालायचा. आपल्याकडे समुद्र होता तेव्हाचा हा. आणि हे फूल पाहा, पाकळीत बारीक छिद्रं आहेत ना? त्यांतून इवल्या नळ्यांसारखे पाय बाहेर यायचे. त्यांनी तो श्वास घ्यायचा. त्याचं कवच चुन्याचं. चुन्यावर आंबट पडलं की वायू सुटतो, बुडबुडे दगडाला जरा उचलतात, आणि बाबांचा अंगठा दिशा देतो. बस."

"बस?" रामभाऊ म्हणाला. "आणि माझी बायको?"

तिच्या गोळ्या शोधायला त्याने हंड्यात हात घातला.

मग सगळेच धावले. ढकलाढकली, डॉक्टरांच्या ओल्या चिठ्ठ्या, औषधांच्या फुटलेल्या बाटल्या, ही माझी, नाही माझी. बाबा मागच्या कनातीखालून निसटले, ते कुणी बघितलंही नाही. चारुलता हंड्यावर आडवी झाली.

"थांबा! दुसऱ्याची गोळी उचलू नका! भिजलेली कुणी खाऊ नका! इतके दिवस बाबाच्या अंगठ्यावर भरवसा ठेवलात, आता घाईने माझ्यावर ठेवू नका. दवाखान्यात चला. थुंकी तपासा, रक्त तपासा, छातीचा फोटो काढा. कौल मागायचा तर तिथे मागा. तिथे ताट कोणी हलवत असेल तर विचारता येतं, परत तपासता येतं. जो विचारू देत नाही, त्याच्यापुढे बसूच नका."

कुणी ऐकलं, कुणी नाही. देवेंद्र ओल्या पायजम्याने तसाच बसून होता. खिशावर हात दाबलेला.

"ताई," तो म्हणाला, "बरं वाटत असून सुद्धा घ्यायच्या?"

"डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत."

"उलटी झाली तर?"

"ते पण डॉक्टरला विचारू. उद्या मी येते बरोबर."

त्याने रामभाऊच्या बादलीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि आजच्या गोळ्या तोंडात टाकल्या.